दारातला लाल मुरूम

नयनच्या हॉटेलचा बोर्ड लागला त्या दिवशी मले ताप आला. थर्मामीटर लावलं तं ताप निघाला नाही, असं आमचे बबनराव सांगतात. त्यायले काय समजते? सगळाच ताप काय काचेच्या नळीत चढते?

मारेगावात दोन वर्षांपासून हॉटेलांचं पीकच आलं आहे. वणी रोडवर एक बार निघाला, त्याच्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'फॅमिली' लिहिलं आहे. फॅमिली घेऊन जातानी मी तं अजून कोणाले पाह्यलं नाही. जे जातात ते फॅमिलीपासून लपून जातात. कॉलेजच्या बाजूले कॅफे निघाला, तठी पोट्टे-पोट्ट्या एका कॉफीवर दोन घंटे बसतात. पलीकडचा ढाबा तं बांधून व्हाचाच आहे, पण फोटो काढाले बैलगाडी आधीच आणून ठेवली. निघो बाप्पा, मले काय करा लागते! माह्या इंदु भोजनालयाले बावीस वर्षं झाले. वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, ठेचा. स्टँडवर उतरलेला भुकेला माणूस वास घेत घेत माह्या दारात येते.

पण नयननं हॉटेल टाकलं ते माह्या दारासमोर. रस्त्याच्या पल्याड, बरोबर समोर.

नयन म्हणजे माह्या देराचा पोरगा. त्याची माय तुळसाबाई, माही धाकटी जाऊ, तो नऊ वर्षांचा असतानी गेली. देर दिवसभर वावरात. पोट्टं शाळेतून सुटलं का सीधं माह्या चुलीपाशी. मले स्वतःचं लेकरू नाही. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, परीक्षेच्या दिवशी दही-साखर मी दिली, गोवर आला तवा सात दिवस मांडीवर घेऊन मी बसली. तो पुण्याले जाऊन हॉटेलचं काम शिकला, प्रेरणासारखी चांगली बायको करून वापस आला. मले वाटलं आता म्हणन, मोठी माय, चाल, आपण दोघं मिळून भोजनालय वाढवू. त्यानं समोरचा प्लॉट घेतला. त्याचंही मले काही वाटलं नाही, देवाशपथ. पण मंग तो बोर्ड लागला. हातहातभर एकेक अक्षर, आतून लाल दिवे. 'तुळसाई'.

तुळसाई! बाई जाऊन अठरा वर्षं झाले. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण तिच्या वरणाले मीठ कधी बरोबर पडलं नाही. खाऊ घातलं मी अन् नाव लागलं तिचं. दिवस मावळला का ते अक्षर पेटतात, अन् उजेड येऊन पडते माह्या तोंडावर. जिती होती तवा जाऊ कधी मले वरचढ झाली नाही. आता बोर्डावर बसून छळून राह्यली होती.

तवापासून माहे डोळे तिकडेच. पोळी तव्यावर करपे, पण नजर काही हटे नाही. लोकं पितळेच्या ताटात बेसन-भाकर मांगत अन् खायच्या आधी तिचा फोटो काढत. बेसन-भाकरीचा फोटो! पंधरा वर्षं माह्याकडे जेवणारा अमरसिंग कंडक्टर एक दिवस रस्ता ओलांडून गेला. खिडकीपाशी बसला अन् मले पाहून तोंडावर मेनूकार्ड धरलं. तोंड झाकून काय होते? त्याच्या चपला काय मी ओळखत नाही?

मी पोळी लाटता लाटता म्हणलं, "फुटो तुही भट्टी."

तिसऱ्या दिवशी त्यायच्या तंदूर भट्टीले वरपासून खालपर्यंत भेग पडली.

"तुही जीभ काळी आहे," बबनराव म्हणाले. "सांभाळून बोलत जाय."

सांभाळून कायचं! त्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाइकायले फुकट शिरा वाढला. कोणी विचारलं कायचा शिरा, तं म्हणलं चतुर्थी आहे. चतुर्थी परवाच होऊन गेलती.

त्यायनं भट्टी नवी बसवली. मंग माही नजर गेली आचाऱ्यावर. फुलचंद नावाचा आचारी नागपूरहून आणलता, डोक्यावर पांढरी उंच टोपी. मी म्हणलं, हा काही टिकत नाही. आठ दिवसांत फुलचंद त्या वणी रोडच्या बारात गेला, टोपीसकट. दोन बोल खरे निघाले तं माणसाले वाटाले लागते का आपल्यात काहीतरी आहे. मी आरशात जीभ काढून पाह्यली. लालच होती.

आचारी गेला म्हणून प्रेरणा स्वतः चुलीपुढे उभी राह्यली. मले वाटलं, आता बुडते हॉटेल. पण गर्दी कमी व्हाच्या ऐवजी वाढली. काचेतून तिचं सगळं दिसे. बेसनाच्या पातोड्या थापून राह्यली, रश्शात सोडून राह्यली, अन् बाहेर माणसं खुर्ची रिकामी व्हाची वाट पाहून राह्यले. अन् नयन! तो बाजूले उभा राहून तिच्या कपाळावरचा घाम रुमालानं पुसून राह्यला होता. बावीस वर्षं मी चुलीपुढे उभी आहे. माहा घाम कोणी पुसला? माह्या पोटात असा आगडोंब उठला का काय सांगू.

"भाजो एक डाव हात," मी म्हणलं, "मंग समजन सैपाक काय असते ते."

शुक्रवारी कढईतलं तेल उडालं. प्रेरणाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. नयन तिले गाडीवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेला तो माह्या दारावरूनच. तिनं ओठ दाताखाली दाबून धरलते. त्या दिवशी शिरा झाला नाही. बबनरावांनी नुसतं मले पाह्यलं अन् ताट बाजूले सारलं. बोलले असते तं भांडता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी मी दार झाडून राह्यली होती. प्रेरणा आली, हाताले पांढरी पट्टी. आल्या आल्या माह्या पायाशी वाकली. डाव्या हातानं, पण इतकी खाली अन् इतका वेळ, का मले जरा बरंच वाटलं. म्हणलं, शेवटी मोठं कोण आहे हे समजते पोरीले.

"मोठी माय, हॉटेलले कोणाची तरी नजर लागली," ती म्हणाली. "घरात मोठं म्हणून तुमीच आहा. आज दिवेलागणीले येऊन उतरवून देता?"

माह्या हातातला खराटा तसाच राह्यला. काय म्हणू? नाही म्हणाले तोंड पाह्यजे न!

"येतो वं," मी म्हणलं.

दिवेलागणीले रस्ता ओलांडला. बोर्ड लागल्यापासून पहिल्यांदाच. काउंटरवर तुळसाबाईचा फोटो, ताज्या फुलांचा हार. नयननं खुर्ची पुसून दिली. मी बसली नाही. प्रेरणानं थाळी आणून माह्या हातात दिली. खडे मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या अन् एका कोपऱ्यात चिमूटभर माती.

आता ही माती दोन ठिकाणची असते. एक तं तिठ्यावरची, नाही तं ज्याच्यावर संशय असन त्याच्या पायाखालची. ही दुसरी गुपचूप उचला लागते, त्याले न सांगता.

मी मातीकडे पाह्यलं. माती लाल होती.

अख्ख्या मारेगावची माती काळी आहे, काजळासारखी. लाल मुरूम आहे तो एकट्या माह्या दारात. पावसात गिऱ्हाइकं घसरत म्हणून बबनरावांनी पोळ्याच्या आधी ट्रॉलीभर आणून टाकलता. सकाळी ही पोरगी इतका वेळ काहून वाकली होती, ते मले तवा समजलं.

कान गरम झाले. वाटलं, फेकावी थाळी अन् म्हणावं, कोणाच्या दारातली माती आणली वं, भवाने? पण ही माती माही आहे असं म्हणाचं, तं ती अठी काहून आली तेही सांगा लागलं असतं. नयन हात जोडून उभा. वेटर उभे. खाणारेही चमचे खाली ठेवून पाहून राह्यले होते. अन् माह्या डोळ्यापुढे तो हात. पट्टीच्या काठावरून मलम बाहेर आलतं, पिवळं, अन् बोटं सुजून जाड झालते.

मी थाळीतलं सगळं मुठीत घेतलं. आधी भट्टीवरून, मंग प्रेरणावरून, सात डाव.

"आल्याची गेल्याची, पाहुण्याची रावळ्याची, वाटेवरच्याची, शेजारच्याची..."

अठीच थांबतात सगळे. माह्या आईनंही मले एवढंच शिकवलतं. पण मूठ काही उघडे ना.

"समोरच्याची," मी म्हणलं. मंग आवाज बसला. "घरच्याची. मोठ्या मायची."

शेवटचं एकट्या प्रेरणाले ऐकू गेलं असन. ती तेवढीच जवळ होती. मी मूठ भट्टीत झोकली.

सगळ्यायनं नाकाले पदर-रुमाल लावले. मिरची जळून ठसका लागला तं नजर नव्हती. नाही लागला तं होती. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या, राख झाल्या. कोणी खोकललं नाही. वर तो धूर ओढणारा पंखा घरघर करून राह्यला होता, त्याच्यानंच ठसका आला नाही असं मले म्हणता आलं असतं. मी नाही म्हणलं.

"बाप्पा, एवढी!" नयन म्हणाला. "कोणाची असन वं, मोठी माय?"

माही जीभ, भट्टी फोडणारी, आचारी पळवणारी, टाळूले चिकटली.

"मायची," प्रेरणा म्हणाली. "लेकराले सगळ्यात आधी मायचीच नजर लागते. म्हणत नाही का लोकं?"

नयननं तुळसाबाईच्या फोटोकडे पाह्यलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं फोटोले हात जोडले.

प्रेरणा फोटोकडे पाहत नव्हती. ती माह्याकडे पाहून राह्यली होती, सीधी, रागानं नाही. तिनं मले शिवी दिली असती तं बरं झालं असतं. शिवीले माह्यापाशी उत्तर होतं.

मंग त्यायनं मले बसवलं. ताट आलं, पातोडीचा रस्सा अन् ज्वारीची भाकर. खोड काढाची म्हणूनच मी पहिला घास घेतला. माही पातोडी रश्शात गेली का एक तं फुटते, नाही तं टणक होते. बावीस वर्षांत मले ते साधलं नाही. हिची रस्सा पिऊन मऊ झालती अन् कोर तशीच. माह्यापेक्षा चांगली होती. लय चांगली होती. अन् घास गिळला नाही तं पोटात पुन्हा तेच, भप्पकन! आत्ताच उतरवली होती न बाई! मिरच्यांची राख अजून गरम होती. मी कोणाले दिसू नये म्हणून खाली वाकली अन् ताटावर हळूच थू-थू केलं.

जेवून उठली. प्रेरणा दारापर्यंत सोडाले आली. वर बोर्ड पेटलता, तिच्या पट्टीवर लाल उजेड पडलता.

"प्रेरणा, येत्या शनिवारी पुन्हा बोलाव मले," मी म्हणलं. "एका खेपेत जाणारी नाही ते."

"बरं, मोठी माय," ती म्हणाली, अन् सवयीनं वाकाले लागली.

मी तिचा खांदा धरला.

"त्या हातानं वाकू नको. माती पाह्यजे असन तं मांगत जाय. मी देत जाईन."