उलट्या शिवणीचा हातमोजा

मी एक जुना सुती हातमोजा आहे. डाव्या हाताचा. माझी शिवण बाहेरून दिसते म्हणून मला कुणी उलटा घातलाय असं समजू नका. मित्रांनो, हीच तर माझी ऐट आहे. जिच्यासाठी मी जन्मलो, तिच्या हातांना वर्षानुवर्षांचा इसब आहे, आणि शिवणीचा दोरासुद्धा तिला बोचतो. म्हणून तिच्या सासूबाईंनी धुऊन धुऊन मऊ झालेली चादर कापली आणि मला व माझ्या उजव्या भावाला असं शिवलं.

ती केस कापण्याच्या दुकानात काम करते. दिवसभर पाणी, शांपू, रंग. आधी मलम, त्यावर मी आणि माझ्यावर रबरी मोजा, असा आमचा थाट असे. थोड्याच दिवसांत भेगा मिटू लागल्या. तिला सलग झोप लागू लागली. मुलीची वेणी घालताना ती कळवळेनाशी झाली. घरात माझं कोण कौतुक झालं!

पण सासूबाईंना मलमाचा वास खटकू लागला. गिऱ्हाइकं नाकं मुरडतील, सुनेला कमीपणा येईल, म्हणून त्या आम्हाला गुपचूप सुगंधी द्रावणात बुडवू लागल्या. आम्ही घमघमत कामाला जायचो. बघता बघता तिचे हात पुन्हा लालबुंद झाले. सासूबाईंनी तिचं आंबट बंद केलं, तिखट बंद केलं, तरी इसब काही ऐकेना. ती मोजे बदलत असताना एका गिऱ्हाईक बाईंनी ते हात पाहून मान बाजूला घेतली आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, असं त्या म्हणाल्या. मालकीणबाईंनी तिला गल्ल्यावर बसवलं. खाजेपेक्षा हातातली कात्री गेली याचंच तिला जास्त लागलं. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

शेवटी सासूबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मला नाकाशी धरलं, हे कशात धुता, असं विचारलं आणि इसबाला सुगंध चालत नाही, असं बजावलं. सासूबाई एरवी कुणाला बोलण्यात हार जाणाऱ्या नव्हेत, पण तिथे त्यांनी मला घाईघाईने पिशवीत कोंबलं. त्यानंतर त्या आम्हाला साध्या साबणाने धुऊन पुन्हा पुन्हा खळबळू लागल्या. इसब काही कायमचा गेला नाही, पण हात निवळले. कात्री मात्र परत मिळेना.

मग एक दिवस सासूबाई स्वतःच दुकानात येऊन खुर्चीत बसल्या. मालकीणबाई दुसरीला हाक मारू लागल्या, तशा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझे केस माझी सून धुणार. इसब कुणाला लागत नाही. मी रोज तिच्या हातचं जेवते, मला काय झालंय?"

ती गल्ल्यावरून उठली. तिने मलम लावलं, आम्हाला चढवलं आणि वर रबरी मोजे ओढले. पाणी सोडल्यावर सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्या हळूच म्हणाल्या, "तो वास मीच लावला होता गं. तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून."

तिने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी अलगद धरलं. केस धुऊन झाले तेव्हा मालकीणबाईंनी कात्री आणून तिच्यापुढे ठेवली.

आता माझा अंगठा विरलाय, पण मी अजून कामावर आहे. मित्रांनो, असे हात दिसले तर आपला हात मागे घेऊ नका आणि न विचारता उपायही करू नका. त्वचेची काळजी मी घेईन. तिच्या मनाला ओरखडा उठू नये, एवढं तुम्ही बघा.