जेठाशी बोलणं

तुकईथडच्या महाजनांच्या घरातलं कुणी आजवर एकट्यानं दवाखान्यात गेलेलं नाही. साधी दाढ दुखत असली तरी गाडी भरून माणसं जातात. एक जण तोंड उघडून बसतो आणि ती दाढ कशी दुखते हे बाकीचे डॉक्टरला सांगतात. त्यामुळे सोळा वर्षांच्या गौरवला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेव्हा घरातला कर्ता चुडामण यानं केळीची गाडी भरायचं काम पुढं ढकललं आणि बोलेरो बाहेर काढायला लावली. पुढं तो स्वतः बसला. धाकटा भाऊ वसंत, म्हणजे गौरवचा बाप, गाडी चालवायला. चुडामणची बायको रंभाबाई हवीच होती, आणि बुऱ्हाणपुरात आपली सगळीकडे ओळख आहे असं सांगणारा तिचा भाऊ लोटूही हवाच होता. मागं खिडकीशी गौरव, आणि त्याला चिकटून त्याची आई सुलभा. गावात सांगितलं की पोराचे डोळे तपासायला चाललोय.

सुलभाचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. आठवड्यापूर्वी ती संध्याकाळची भाकरी थापत असताना गौरव चुलीपाशी येऊन बसला होता. दिवाळीपासून शाळा सोडून खोलीत पडून राहणारं पोर आपणहून जवळ आलं म्हणून तिला बरं वाटलं. आणि तो हळूच म्हणाला होता, "आई, मी नसलो तरी तुमचं चालेल ना?"

"असं काय वेड्यासारखं बोलतोस रे?" ती म्हणाली. तो जरासा हसला आणि उठून गेला. तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हापासून ते वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? वसंत स्वभावानं सोन्यासारखा, पण त्याच्या कानावर पडलेली गोष्ट त्याच पावली थोरल्या भावाकडे जाते. आणि चुडामण म्हणजे दिलदार माणूस, पण आवाज असा की त्याला गुपित सांगणं म्हणजे ओट्यावर उभं राहून दवंडी पिटणं. शिवाय त्याच्याशी ती बोलणार तरी कशी? तो तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठासमोर धाकट्या सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट शब्द बोलायचा नाही, ही त्या घरातली रीत. लग्नाला वीस वर्षं होत आली, तिनं ती कधी मोडली नव्हती.

मग घर चालायचं कसं? गौरवच्या तोंडून. तो बोलायला शिकला तेव्हापासून हेच काम. जेठ हातभर अंतरावर बसलेला असला तरी सुलभा म्हणायची, "गौरव, बडे पप्पांना सांग, चहा झालाय." आणि चुडामण उलट म्हणायचा, "गौरव, तुझ्या आईले सांग, साखर कमी टाक." पोरगा दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचा. सगळे कौतुकानं हसायचे. गेल्या चार महिन्यांत तो मुका झाला, तेव्हा घरातलं पहिलं अडलं ते हेच.

शाळेतल्या निर्मला मॅडमनी फोनवर वसंतला सांगितलं होतं की मुलाला मनाच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका. सुलभाला वाटलं, आता जेठ आकांडतांडव करणार. पण चुडामण एवढंच म्हणाला, "उद्याच जाऊ."

बुऱ्हाणपुरात शनवारा चौकाजवळ गाडी लावताना मात्र तो दवाखान्याच्या दारावरची पाटी बघून कचरला आणि वसंतला म्हणाला, "जरा पुढं घे, त्या चष्म्याच्या दुकानासमोर लाव." सगळे चष्म्याच्या दुकानासमोर उतरले आणि एकामागून एक दवाखान्यात शिरले.

डॉक्टर ज्योत्स्ना या शांत, मध्यमवयीन बाई होत्या. केबिनमध्ये पाहुण्यांसाठी दोनच खुर्च्या. एकीवर चुडामण बसला, दुसरीवर त्यानं गौरवला बसवलं, बाकीचे भिंतीला टेकले. सुलभा सगळ्यांच्या मागं, दाराशी.

"गौरव, झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठली झोप मॅडम! रातभर जागतो," चुडामण म्हणाला.

"आणि भूक?"

"अर्धी भाकर खातो, तीबी बळजबरीनं," रंभाबाई म्हणाली.

"मित्र आहेत का तुला?"

"होते पहिले. आता कोणी आलं तर दार लावून घेतो," वसंत म्हणाला. लोटूनं संधी साधून मोबाइलमुळे आजकालची पोरं कशी बिघडली यावर सुरुवात केली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला गौरवशी एकट्याशी बोलायचंय. बाकी सब बाहर बैठिए."

चुडामण मनापासून हसला. "मॅडम, आम्ही कोणी परके थोडीच हाओत? याच्या पोटातलं सगळं आम्हाले माहीत हाये. तुम्ही विचारा बिनधास्त."

यात त्याचा काडीचाही वाईट हेतू नव्हता. हीच तर पंचाईत होती. हाकलून द्यावं असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता, सगळे पोरावर जीव टाकणारे होते, आणि पोराला श्वास घ्यायला जागा नव्हती. गौरव मान खाली घालून अंगठ्याचं नख कुरतडत होता. सुलभाला दिसत होतं की आणखी थोड्या वेळानं डॉक्टर गोळ्या लिहून देतील, सगळे बोलेरोत बसतील, आणि ते वाक्य तसंच घरी परत जाईल.

तिचं तोंड सवयीनं उघडलं. "गौरव, बडे पप्पांना सांग..."

गौरवनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. इतका थकलेला चेहरा तिनं म्हाताऱ्या माणसाचाही पाहिला नव्हता. आपण काय करतोय हे तिला त्याच क्षणी कळलं. मन मोकळं करायला आणलेल्या पोराच्या डोक्यावर ती आणखी एक ओझं ठेवत होती. तिला स्वतःचीच विलक्षण चीड आली.

"भाऊ," ती म्हणाली. पदर डोक्यावरच होता, पण आवाज सरळ जेठाकडे गेला. "तुम्ही बाहेर चला. सगळेच चला. त्याले बोलू द्या."

रंभाबाईनं तोंडावर हात धरला. वसंत छताच्या पंख्याकडे बघू लागला. चुडामण तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता काही खरं नाही, असं सुलभाला वाटलं. पण तो खुर्ची मागं सारून उठला. "चला रे," तो म्हणाला. "लोटू, तूबी चल."

सगळे गेल्यावर सुलभानं रिकामी खुर्ची ओढली. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, तुम्हीसुद्धा."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. "मी आई आहे त्याची."

"तुमच्याशी मी नंतर नक्की बोलेन. आधी तो."

तिनं गौरवकडे पाहिलं. त्यानं मानेनंच जा म्हटलं. तिच्या काळजाला ते लागलं, पण ती उठली.

बाहेर लोटू बाकीच्यांना चहाला घेऊन गेला होता. चुडामण एकटाच बाकावर बसून होता. ती दिसताच तो एका टोकाला सरकला आणि समोरच्या भिंतीला म्हणाला, "बसायले जागा हाये." ती दुसऱ्या टोकाला बसली. दारामागून आधी डॉक्टरांचा आवाज आला, मग गौरवचा. शब्द कळत नव्हते, पण तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. सुलभाचे डोळे भरून आले.

"सुलभा," चुडामण म्हणाला. त्याच्या तोंडून आपलं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. "तुले काही म्हणला होता का तो?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? तिनं चुलीपाशी घडलेलं सगळं सांगितलं, त्याच्या शब्दांत.

चुडामण इतक्या हळू बोलू लागला की आवाज चढवणारा माणूस तो हाच का, असं वाटावं. "मलेबी हेच विचारलं त्यानं, गेल्याच आठवड्यात. मळ्यातून येताना, मोटरसायकलवर मागं बसून. 'बडे पप्पा, मैं नहीं रहा तो चलेगा ना?' मी हसलो. म्हटलं, तू असा कोणता मोठा कामाचा हाये!" त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "त्या रातीपासून डोळा लागला नाही माझा. पण सांगू कोणाले? वसंता भित्रा. तुझ्याशी तर बोलणंच नाही."

दोघं एकाच घरात, एकाच वाक्याला घाबरून, आठवडाभर रात्री जागे होते. मधे होती एक भिंत आणि एक रीत.

दार उघडलं. डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं. "गौरवला विचारूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. "जगू नये असे विचार त्याच्या मनात येतात. हा आजार आहे आणि तो बरा होतो. औषध आजपासून सुरू करायचं, दर आठवड्याला मला भेटायचं. सध्या त्याला एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं घरातून, मळ्यातून हलवा, कुलपात ठेवा. आणि एक. तो म्हणतो, त्यानं घरी सांगून पाहिलं होतं, पण कुणाला ऐकूच गेलं नाही."

"मला गेलं होतं," सुलभा म्हणाली.

"मलेबी," चुडामण म्हणाला.

गौरवनं आईकडे पाहिलं, मग बडे पप्पांकडे. "तो फिर किसी ने कुछ बोला क्यों नहीं?"

चुडामण त्या दुसऱ्या खुर्चीवर न बसता गौरवसमोर जमिनीवरच बसला, गुडघा धरत, कष्टानं.

"घाबरलो रे बेटा," तो म्हणाला.

"मी पण," सुलभा म्हणाली.

गौरव मोठ्यानं रडू लागला. गेल्या चार महिन्यांत तो एकदाही रडला नव्हता. दोघांपैकी कुणीही त्याला गप्प केलं नाही.