समुद्र ऐकू आला की थांबेन

तळ्याच्या काठावर पाटी होती : ‘समुद्राकडे. सोपी वाट. पाऊण तास.’ दादाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “बघ भोंगे, सोपी आहे म्हणे.”

माझा आवाज लहानपणापासून दणदणीत, म्हणून मी भोंगा. प्रार्थनागृहात मी गाते आणि तिथली जुनी पेटी दादा सुरात लावतो. तीस वर्षं हेच चाललंय. माझा वरचा सूर जरा चढला, की शेवटच्या बाकावरून त्याची भुवई उडायचीच. हिवाळ्यातल्या तापात त्याचा डावा कान गेला, मग उजवाही विझत आला. आता तो ओठ बघून बोलणं ओळखतो. हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पेटी लावायला त्याला उद्याच बोलावलं होतं.

“समुद्राएवढा मोठा आवाज दुसरा नाही,” तो घरून निघतानाच म्हणाला होता. “तो ऐकू आला, तर थोडं तरी शिल्लक आहे म्हणायचं. नाही आला, तर उद्या जाऊन सांगून टाकतो, दुसरा माणूस बघा.”

तळ्यावर फळ्यांचा लांबलचक पूल होता. मागून सायकलची घंटी वाजली, तशी मी त्याला बाहीला धरून बाजूला ओढलं. पूर्वी त्याने लगेच घंटीचा सूर सांगितला असता. आता तो सायकलवाल्याकडे बघून नुसता हसला, चोरी पकडली गेल्यासारखा.

पूल संपला आणि वाळूच्या टेकड्या लागल्या. पहिल्याच टेकडीवर मला समुद्र ऐकू आला. देवा, एवढं दे, एवढंच दे, असं मनात घोळवत मी चालत राहिले.

शेवटच्या टेकडीच्या पायथ्याशी तो थांबला. “आता मी डोळे मिटून चालणार. समुद्र ऐकू आला की थांबेन. तू हात लावायचा नाहीस.”

“आणि पडलास म्हणजे?”

“वाळू आहे गं. पडलो तर मऊ पडेन.”

त्याने डोळे मिटले. टेकडी चढला, उतरला. हात जरा पुढे धरले होते, पेटीवर ठेवावेत तसे. समोर लाटा नुसत्या गर्जत होत्या. “थांब रे, दादा, थांब!” मी जीव तोडून ओरडले. किनाऱ्यावरचे पक्षी तेवढे उडाले.

बुटांत पाणी शिरलं तेव्हा त्याने डोळे उघडले. पुढ्यात एक लाट फुटली. काचेपलीकडचं बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

“आज शांत आहे का गं?”

“हो,” मी म्हटलं. “अगदी शांत.”

“खोटं बोलताना तू ओठ चावतेस. आता मला ओठच तर दिसतात.”

खिशातून त्याने सूर तपासायचा लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि दातांत धरला. “थरथर कळते. सूर नाही कळत.” काटा पुसून त्याने माझ्या हातात दिला. “उद्या तू ये बरोबर. प्रार्थनागृहातले लोक काय म्हणतील, ते मला नीट सांग.”

परतताना पुलावर तो पुढे, मी मागे. मी आमची संध्याकाळची प्रार्थना म्हणायला घेतली. वरचा सूर मुद्दाम चढवला, इतका, की कुणीही कान झाकून घेतले असते. दादा ओले बूट फळ्यांवर टेकवत, समोर बघत चालत राहिला.