दादासाठी दिवा लागेना

अंगणातला दिवा आपोआप लागायला हवा होता, काम एवढंच. त्यापायी मी आठवडाभर शिव्या घालत होतो. शिव्या संपत आल्या, तरी दिवा काही वळणावर येईना.

माझा थोरला भाऊ, दादा, मागच्या खोलीत राहतो. पूर्वी तिथं माझी गाडी उभी असायची. बाथरूम मात्र घरात. मधे अंगण आणि घराच्या दाराशी दोन पायऱ्या. गेल्या महिन्यात दादा अंधारात त्या पायऱ्यांवर आपटला. हाड वाचलं, पण बातमी त्याच्या लेकीला लागली. तिचा फोन आला, "काका, शनिवारी येते. सोय नीट दिसली नाही तर बाबांना घेऊन जाणार." तिचं घर चौथ्या मजल्यावर. दादा म्हणाला, "तिथं दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. त्यापेक्षा परत पडलेलं बरं."

बटण लावून भागत नव्हतं. दादाच्या एका हातात काठी, आणि दुसरा हात आजारपणापासून नुसता नावाला. दिवा रात्रभर चालू ठेवला तर उजेड थेट त्याच्या खिडकीत, मग झोपायचं कसं? म्हणून माणूस हलला की दिवा लागतो, तो सेन्सर आणला. दुकानदार म्हणाला, "वायर नाही, फोडाफोडी नाही. लहान पोरसुद्धा लावेल." त्याला तसलं पोर भेटलं असेल. मला नाही भेटलं.

खोक्यात दोन डब्या. एक भिंतीवर लावायची, माणूस हलला की तिला कळतं. दुसरी दिव्याजवळ. पहिलीनं दुसरीला बिनतारी कळवायचं आणि दिवा लागायचा. मी शिडीवर चढून दोन्ही बसवल्या, खाली उतरून हात हलवले. ढिम्म.

बायको कागद वाचून म्हणाली, "अहो, आधी दोघींची ओळख करून द्यायची म्हणे. बटण दाबून धरा, लाल ठिपका लुकलुकेपर्यंत."

"ओळख कसली? एकाच खोक्यातून आल्यात ना!"

"आपण एका घरात इतकी वर्षं आहोत, तरी तुम्ही माझं ऐकता का?"

परत शिडी. ठिपका लुकलुकला. खाली येऊन उड्या मारल्या, तरी दिवा नाही. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" मग बायकोनं शोधून काढलं की उजेड असेपर्यंत तो लागतच नाही. भर दुपारी मी अंगणात नाचत होतो, आणि हे तिनं शेजारणीसमोर सांगितलं.

संध्याकाळी बघितलं तर कधी लागे, कधी नाही. दिव्याजवळची डबी मी लोखंडी कपाटामागं बसवली होती, तिथं पलीकडचा निरोप पोचत नव्हता. ती काढली, दुसरीकडे लावली. भिंतीला भोकं तर अशी पडली, जणू कुणी गोळीबार केलाय.

शेवटी शुक्रवारी जमलं. पहिली डबी घराच्या दारावर उंच लावली, तोंड अंगणाकडं. मी फाटकातून धावत आलो, दिवा लागला. बायको दोरीवरचे कपडे काढायला गेली, लागला. मांजर गेलं, लागला. दादा आपल्या दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होता.

"मी येऊ का चालत?"

"तू बस रे दादा. पडशील उगाच."

शनिवारी अंधार पडता पडता पुतणी आली. मी ऐटीत तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. "आता बघ हं. दादा, ये!"

दादा निघाला. जाड कोट, कानटोपी, हातात काठी. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. दिवा लागला नाही. पायऱ्यांपाशी येऊन तो अंधारात उभा राहिला.

"लागला का रे?"

"नाही, दादा."

"मग मी दिसत नसेन त्याला."

पुतणी तशीच बाहेर धावली, "बाबा, तिथंच थांबा!" आणि ती अंगणात गेल्याबरोबर लख्ख उजेड पडला.

"बघ," दादा म्हणाला, "तुझ्यासाठी कसा लगेच लागला."

ती तडक बॅग भरायला त्याच्या खोलीत गेली. मी अंगणात येऊन स्क्रूड्रायव्हर असा भिरकावला की तो कुंपणापलीकडे गेला.

"फेका," बायको म्हणाली. "आठवडाभर तुम्ही धावलात, मी धावले. भाऊजींना एकदा तरी चालू दिलंत?"

"मी विचारलं होतं याला," दादा म्हणाला. "आता तू पायरीवर गप्प बस. हलू नकोस, नाहीतर तुझ्यासाठीच लागेल."

दिवा विझेपर्यंत आम्ही तिघं पुतळ्यासारखे. मग दादा परत आपल्या दारापासून सरळ आला. अंधार. मग तो तसाच दोरीच्या बाजूला वळला, आणि दिवा लागला.

"हां! आडवा गेलो की दिसतो याला. समोरून हळू गेलो की नाही. बाजूच्या भिंतीला लाव. आणि खाली घे, तिथं आभाळात काय ठेवलंयस?"

मी डबी उपटली, वाटेच्या बाजूच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर हातानं धरली. दादा चालला. दिवा लागला! मी तोंड उघडलं तोच तो विझला, दादाचा एक पाय पायरीवर असताना. मग दादानं जी शिवी दिली, ती मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकली.

"अरे, माझ्या चालीनं लाव ना! मी काय रेस लावलीय?"

दिवा किती वेळ राहायचा ते ठरवणारी डबीवरची चकती बायकोनं सगळ्यात शेवटच्या खुणेला नेली. पुतणी बॅग घेऊन बाहेर आली.

"बाबा, पुरे. दमाल."

"दमायला आधी पोचू तर दे. आणि वाटेतून हो बाजूला, तुझ्यामुळे लागतोय. घरात जा सगळे."

सासरवाडीत जावयाला बसवतात तसं त्यानं आम्हाला आत गप्प बसवलं. डबी मी चिकटपट्टीनं भिंतीला मारली होती, ती पडते की काय म्हणून माझा जीव खालीवर. अंगण काळंकुट्ट झालं. काठीचा आवाज आला. टक. टक. दिवा लागला. दादा बारीक डोळे करून पायऱ्यांपर्यंत आला, थांबला, श्वास घेतला, चढला. दुसरी पायरी. दिवा लागलेलाच. त्यानं काठीनं दार ठोठावलं.

पुतणीनं दार उघडलं.

"बॅगेत माझा पायजमा टाकलायस ना?" दादा म्हणाला. "काढ तो. झोपताना लागेल."

बॅगेची चेन उघडता उघडता ती माझ्याकडं वळली.

"काका, पायऱ्यांना कठडा कधी लावताय?"