वाकून बोलायच्या गोष्टी

आवणीचं एक बरं असतं. सगळ्यांच्या माना खाली असतात, त्यामुळे कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. डाव्या हातात भाताच्या रोपांची जुडी धरायची, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोवायच्या आणि मागे सरकायचं. अशा वेळी जे बोललं जातं ते ओटीवर समोरासमोर बसून बोलता येत नाही. माझ्या सासूने मला किती छळलं हे मी पहिल्यांदा सांगितलं ते भागीच्या खाचरात. जयाचा ओमकार दहावीला नापास झाला तेव्हा ती रडली माझ्या खाचरात. तिचे हात चिखलाने भरलेले, म्हणून भागीने आपल्या दंडाने तिचं नाक पुसलं होतं. त्यावरून आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसत होतो.

भागी, जया आणि मी, शालन. किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. जया आणि भागी वरच्या आळीत भिंतीला भिंत लावून राहतात, माझं घर खाली विहाराजवळ. लग्न होऊन आलो तेव्हापासून आमची सावड आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिच्या. ओळीत जागाही ठरलेल्या. भागी मध्ये आणि आम्ही दोघी दोन अंगांना, कारण बडबड तिची आणि ऐकणाऱ्या आम्ही.

दोन हजार चार साली ही ओळ मोडली. मोडली जयाने, आणि मला तिचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

झालं होतं असं. त्या शिमग्यात भागीची लेक नम्रता बाळंतपणाला माहेरी आली. नऊ महिने भरले होते. कळा सुरू झाल्या म्हणून भागी तिला जीपने तालुक्याला घेऊन गेली, पण मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. जावयाने आणि त्याच्या भावाने तिकडेच सगळं उरकलं. नम्रता परत आली ती रिकाम्या हातांनी, आणि तेव्हापासून आईकडेच होती. आम्ही भेटायला गेलो, बसलो, चहा प्यालो. पावसाळा कधी लागेल, नळाला पाणी कधी येतं, असलं काहीबाही बोललो आणि उठलो. गावात सगळ्यांनी तेच केलं. भागीच्या दारावरून जाताना बायका कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घ्यायच्या. वाईट हेतूने नाही, तिला त्रास नको म्हणूनच.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जयाच्या सुनेला, समीक्षाला, दिवस गेले.

मला हे जयाने हातपंपावर सांगितलं. आजूबाजूला बघून, हंडा भरता भरता.

"भागीला बोलू नको हां. तिला कसं वाटंल?"

"तिला कळल्याबिगर राहील का? तुमच्या दोन घरांत एक भिंत हाय, डोंगर नाय."

"बघू पुढं. आवणी होऊन जाऊ दे."

पुढं म्हणजे कधी? बारशाला? मी तिला दोन-चारदा टोकलं. प्रत्येक वेळी तिचे डोळे भरायचे आणि मी गप्प बसायचे. पोट दिसू लागलं तेव्हा तिने समीक्षाला टोकावड्याला माहेरी पाठवून दिलं. कारण काय सांगितलं, तर तिच्या आईला बरं नाही. ती आई आदल्याच आठवड्यात मुरबाडच्या बाजारात मिरच्यांवरून भांडताना माझ्या नवऱ्याला, नथूला, दिसली होती.

आवणी जयाच्या खाचरापासून सुरू झाली. भागी बांधावर उभी राहून प्लास्टिकची खोळ डोक्यावर नीट करत होती. तेवढ्यात जया आपली जुडी उचलून पार पलीकडच्या कडेला गेली आणि मला म्हणाली, "शालन, तू मधी हो." भागीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती खाली उतरली आणि वाकली.

असली आवणी मी कधी केली नव्हती. बोलायला विषयच नव्हता. म्हणजे विषय पुष्कळ होते, पण ज्याला हात लावावा तो फिरून पोराबाळांवरच यायचा. मी ओमकारची चौकशी केली, आटगावहून कामावर जायला गाडी वेळेवर मिळते का म्हणून. जया "हां" म्हणाली आणि थांबली, कारण ओमकारनंतर त्याची बायको समीक्षा येणार. मी माझ्या रत्नदीपच्या लग्नाचं काढणार होते, तेही गिळलं. मग आम्ही गॅसच्या सिलिंडरवर बोललो. नंतर किन्हवलीच्या एसटीवर. तिन्ही बायका जणू बस स्टँडवर पहिल्यांदाच भेटल्या होत्या.

भाकर खाऊन पुन्हा वाकलो तेव्हा जयाला वाटलं असावं, काहीतरी बोलायलाच हवं.

"आमची कपिला गाय काल…" ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

"काय झालं कपिलाला?" भागीने विचारलं.

"काय नाय. बरी हाय."

"व्याली ना?"

जयाने घाईघाईने चार काड्या खोवल्या.

"रात्री हंबरत व्हती, मी ऐकलं," भागी म्हणाली. तिचा हात चालूच होता. "जये, आता वासराचंपन नाव माझ्यासमोर काढायचं नाय का गो?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी मान आणखी खाली घातली.

"तसं नाय गो…"

"मंग समीक्षा कशी हाय ते सांग. पोरगं हलतंय का पोटात?"

जयाच्या हातातली जुडी पाण्यात पडली. ती सरळ उभी राहिली, कमरेवर चिखलाचा हात ठेवून. तिला वाटलं मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच तिच्यावर चिखल फेकणार होते.

"शालनकडं नको बघू," भागी म्हणाली. "माझ्या करवंदाच्या लोणच्याची बरणी कुणी संपवली? तुझ्या सुनेनं. मागच्या दारानं यायची, चमचा घेऊन. मला बोलली, मावशी, अजून आईंना सांगितलं नाय, तुमी बोलू नका. तुझ्या आधी मला कळलंय जये."

"आनि तू मला बोलली नायस?"

"मी तिला बोलले, आधी सासूला सांग. तुझी सासू ऐकंल आनि धावत माझ्याकडं येल. मी वाट बघत रायले. रोज संध्याकाळी तुझ्या दाराची कडी वाजली की वाटायचं, आली. मंग कळलं की तू शालनला सांगितलंस, सकुबाईला सांगितलंस, दुकानवाल्याच्या बायकोला सांगितलंस. मीच तेवढी रायले." आता भागीचा हात थांबला होता. "मी तुझ्या सुनेला दृष्ट लावीन असं वाटलं तुला?"

"नाय गो भागे! पोराची शपथ. तुला वाईट वाटंल म्हनून…"

"जरापन नाय वाटलं? खरं सांग."

जयाने खोटं बोलायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. पण ती पहिल्यापासून तशीच, तिला धड खोटंही बोलता येत नाही.

"वाटलं," ती म्हणाली. "थोडं वाटलं. भीती वाटली गो." आणि ती हमसून रडायला लागली.

मला वाटलं, संपलं. भागी आता बांधावर चढेल, खोळ काढेल आणि जाईल, आणि पुढच्या वर्षीपासून दोन घरांमधली भिंत खरंच डोंगर होईल. एवढ्या वर्षांचं माणूस असं हातातून जाताना बघण्यासारखं दुसरं वाईट काही नसतं.

पण भागी गेली नाही.

"वाक," ती म्हणाली. "उभी राहून काय रडतेस? बोलायचं तर वाकून बोल."

जया वाकली. डोळ्यांतलं पाणी सरळ चिखलात पडत होतं. कितीतरी वेळ आम्ही तशाच मागे मागे सरकत राहिलो. मग जयाचा आवाज आला, अगदी बारीक.

"भागे, कोनासारखा व्हता गो?"

तिने कोणाबद्दल विचारलं ते आम्हा दोघींनाही कळलं. माझा हात आपोआप थांबला.

भागी एक पाऊल मागे सरकली. "डोकं भरून केस व्हते," ती म्हणाली. "काळेभोर. एवढे केस मी कुठल्या पोराचे बघितले नाय. नाक नम्रताचं. बोटं लांब लांब, आमच्या घरात कुनाची नायत तशी. मी फडक्यात घेतलं व्हतं. ऊब व्हती अजून. वाटायचं, आता रडंल. शिमग्यापासून आजपर्यंत मला कुनी इचारलं नाय. मला वाटायला लागलं, झालाच नव्हता की काय."

जया पाण्यातून तिच्याजवळ गेली. नुसती तिच्या शेजारी वाकली आणि रोप खोवू लागली, ओळ सोडून, वेडंवाकडं. मी दुसऱ्या बाजूला गेले. भागी पुन्हा मध्ये आली.

"नम्रतानं बघितला का त्याला?" मी विचारलं.

"नाय. तिला दाखवायचा नाय बोलले सगळे. मीपन तेच बोलले." भागीने एक काडी खोवली, दुसरी खोवली. "घरी आल्यावर एकदा मला इचारत व्हती. आये, कसा व्हता? मी बोलले, गप बस, तो विषय काढू नको. पुन्ना तिनं नाय इचारलं."

मी मान वळवून पाहिलं. ती खाली वाकलेलीच होती, पण हातातली जुडी तिने कधीच सोडून दिली होती.

मग भागी सरळ झाली. पाटाच्या पाण्यात तिने हात कोपरापर्यंत धुतले. अर्धी ओळ टाकून कोणी खाचरातून वर जात नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या सावडीत तसं कधी झालं नव्हतं.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"घरी. नम्रता एकटी बसली असंल." तिने खोळही घेतली नाही. "तिला सांगते, केस कसे व्हते ते."