कात्रीला बांधलेली किल्ली

मित्रांनो, माझ्या अंगावर लटकलेली ही मापाची टेप जरा बाजूला सारा, म्हणजे मी दिसेन. मी एक जुना चोरगजर आहे. प्लॅस्टिकची पेटी, बारा बटणं, एक लाल दिवा आणि एक हिरवा. मूळचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि पाठीमागच्या तारा कापलेल्या आहेत. गेल्या वर्षभरात माझ्या तोंडून साधा 'टीं'सुद्धा निघालेला नाही. पण एके काळी मी ओरडलो की अख्खी गल्ली खिडकीत यायची, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे बायका ओळीने बसून चिमट्याने बारीक बारीक भाग बसवत. टेबलाच्या शेवटी कानात कापूस घातलेली एक तपासनीस बाई होती. तिने मला वायर लावली, बटण दाबलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा किंचाळलो. ती दचकली, हसली आणि म्हणाली, "याचा आवाज खणखणीत आहे हं!" त्या एका वाक्याच्या शिदोरीवर मी पुढची बरीच वर्षं काढली.

मग एका घराच्या पुढच्या दाराशेजारी मला बसवलं. घरात तीन माणसं. बाबा औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. आई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. आणि सहा वर्षांची मुलगी, जी एका जागी कधी बसायचीच नाही. समोरच्या घरात कपडे शिवणाऱ्या एक मावशी राहायच्या. शिलाई मशीनमध्ये दोऱ्याची इवलीशी बॉबिन गरगर फिरते ना, त्यावरून त्यांनी तिला बॉबिन हे नाव ठेवलं होतं. त्यांना स्वतःला सगळे शिलाईमावशी म्हणत. दाराच्या बाजूला काचेची एक उभी पट्टी होती. तिच्यातून मला गल्लीपलीकडची त्यांची खिडकी, मशीन आणि मशीनशेजारचा काळा टेलिफोन दिसायचा.

मला बसवणाऱ्या वायरमनदादाने दारांना चुंबकं लावली, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा डोळा बसवला आणि स्वयंपाकघराच्या छताला धूर हुंगणारी डबी चिकटवली. मग मला टेलिफोनच्या तारेला जोडून त्याने सगळ्यांना समजावलं. मी ओरडलो की निरोप थेट देखरेख केंद्रात जाणार. तिथे एक ताई दिवसभर कानाला फोन लावून बसलेली असते. ती आधी घरी फोन करणार, मग बाबांच्या कारखान्याच्या फाटकावर, मग आईच्या दवाखान्यात. कुणीच भेटलं नाही, तर ज्यांच्याकडे जास्तीची किल्ली आहे त्यांना.

"किल्ली कुणाकडे ठेवणार?" त्याने विचारलं.

"मावशींकडे," बॉबिन म्हणाली. मोठ्या माणसांनी विचार करायच्या आत तिने ठरवूनही टाकलं होतं.

मावशींनी किल्लीला लाल दोरा ओवला आणि ती आपल्या मोठ्या कात्रीच्या कानाला बांधली. कात्री दिवसभर हातात असायची, त्यामुळे किल्ली हरवायचा प्रश्नच नव्हता. मला गप्प करायचा आकडा प्रत्येकाने स्वतः निवडायचा होता. मावशींनी बॉबिनला शिवलेल्या पहिल्या फ्रॉकचं माप निवडलं, छाती बावीस, उंची अठरा. मी ते चौथ्या क्रमांकाला नोंदवून घेतलं. जाता जाता वायरमनदादाने बजावलं, "मावशी, एक लक्षात ठेवा. गजर वाजला म्हणून लगेच धावायचं नाही. आत कोण असेल सांगता येत नाही. केंद्राचा फोन आल्याशिवाय दारात पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार," मावशी म्हणाल्या. शब्दाला जागणारी बाई ती.

खुणेचा शब्दही ठरवायचा होता, म्हणजे फोनवर बोलणारा घरचाच आहे हे केंद्रातल्या ताईला कळावं. तो मान बॉबिनला मिळाला आणि शब्द ठरला 'गुलाबी हत्ती'. पुढे बाबांना कारखान्याच्या फाटकावर, साहेबांच्या देखत, फोनमध्ये तोंड खुपसून "गुलाबी हत्ती, गुलाबी हत्ती" असं कितीदा म्हणावं लागलं, ते त्यांनाच ठाऊक.

कारण मी उगाचही ओरडायचो, हे मान्य करायला हवं. बॉबिनच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एक उरलेला फुगा पंख्याच्या वाऱ्याने दिवाणखान्यात हिंडू लागला आणि मी बोंब ठोकली. बाबा कारखान्यात आत अडकलेले, दवाखान्याचा फोन गुंतलेला. शेवटी समोरचा काळा टेलिफोन वाजला. "मी लाईनवर आहे, तुम्ही आधी बाहेरूनच बघा," केंद्रातली ताई म्हणाली. मावशींनी खिडकीतून डोकावून पाहिलं, कुलूप उघडलं, कात्री परजत आत आल्या आणि टोक खुपसून त्या चोराला फोडलं. मग माझ्यावर बावीस-अठरा दाबून, घरी जाऊन ताईला सांगितलं, "मेला हो. फुगा होता." संध्याकाळी सगळे पोट धरून हसले. मलासुद्धा हसता आलं असतं तर हसलो असतो.

अशी अकरा वर्षं गेली. मित्रांनो, ते दिवस आठवले की आजही माझ्या कापलेल्या तारांत काहीतरी झणझणतं. मी हाक मारली की एक माणूस दुसऱ्याला उठवायचा, दुसरा तिसऱ्याला. फाटकावरचा पहारेकरी सायकल काढून बाबांच्या विभागापर्यंत जायचा. तेव्हा मला वाटायचं, हे सगळं माझ्या खणखणीत आवाजामुळे होतं.

मग घरातला टेलिफोन गेला. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आल्यावर त्या तारेचं काम उरलं नव्हतं. वायरमनदादा पुन्हा आला. त्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्या पोटात नवा भाग बसवताना त्याने विचारलं, "आता निरोप कुठे पाठवायचा? केंद्राकडेच, की थेट तुमच्या मोबाईलवर? केंद्र ठेवलं तर दुसरं माणूस लक्ष ठेवणार. मोबाईलवर घेतलं तर तुमचं तुम्हीच बघायचं."

"आपलं घर आपण बघू," बाबा म्हणाले. "मोबाईल तर हातात असतोच. आणि तो गुलाबी हत्ती नको आता."

"तुझा मोबाईल कारखान्याच्या फाटकावर कपाटात असतो," आई म्हणाली. "माझा पर्समध्ये, आणि हात लोकांच्या तोंडात."

"मी आहे की!" बॉबिन म्हणाली. ती आता कॉलेजात जात होती.

झालं, तीन मोबाईलची नावं लागली. केंद्राची जुनी यादी वायरमनदादाने चुरगळून खिशात घातली. यादीतलं चौथं नाव गेलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला मात्र कुणी काही पुसायला सांगितलं नाही, म्हणून माझ्या पोटात बावीस-अठरा तसंच राहिलं.

पहिला आठवडा बाबांनी मोबाईल डोळ्यांपुढून हलवला नाही. सुट्टीच्या दिवशी बाजारातून ते आईला फोन करत, "मागचं दार उघडलं असं आलंय. कपडे वाळत घालतेस का?"

"नाही, चोराला चहा देतेय," आई म्हणायची.

दुसऱ्या महिन्यात आईने माझ्या निरोपांचा आवाज बंद केला. मग बॉबिनने, आणि शेवटी बाबांनीही. प्रत्येकाला वाटे, दुसरा बघत असेल. मी निरोप पाठवत राहिलो. मला फार एकटं वाटायचं.

त्याच सुमारास आईचे वडील राहायला आले. आजोबांनी आयुष्यभर बस चालवली होती आणि इंजिनाच्या घरघरीने कान गमावले होते. जेवण झालं की कानयंत्र काढून ते आरामखुर्चीत पडत. त्यानंतर शेजारी कुणी ढोल बडवला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

एका दुपारी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं, जरा टेकावं म्हणून खुर्चीत बसले आणि त्यांचा डोळा लागला. दूध उतू गेलं, उरलेलं आटलं, पातेलं करपलं आणि बाजूच्या फडक्याने पेट घेतला. छताच्या डबीला धूर लागला आणि मी ओरडलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी किंकाळी होती. आजोबा हलले नाहीत.

मी तिघांनाही निरोप पाठवला. बाबांचा मोबाईल कपाटात होता, आईचा पर्समध्ये. बॉबिनची परीक्षा चालू होती आणि तिची पिशवी वर्गाबाहेर होती.

मी काचेच्या पट्टीतून समोर पाहिलं. मावशी मशीनवरून उठल्या होत्या. त्यांच्या हातात कात्री होती, कात्रीला किल्ली होती, आणि त्या काळ्या टेलिफोनपाशी उभ्या होत्या. त्या ताईच्या फोनची वाट पाहत होत्या. अकरा वर्षं तो फोन मिनिट-दोन मिनिटांत आला होता. तो आता कधीच येणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. मित्रांनो, मला एवढा मोठा आवाज दिला होता, पण त्या आवाजात 'या' म्हणायची सोय नव्हती. मी नुसता कोकलत राहिलो. त्यांनी एकदा रिसीव्हर उचलून टेलिफोन चालू आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला.

पाच मिनिटं झाली की माझा भोंगा आपोआप बंद होतो. तसा तो झाला. गल्ली एकदम शांत झाली. माझी आशाच संपली.

आणि त्याच शांततेत मावशींनी मान वर केली. पुढे कितीतरी वेळा त्यांनी हे सांगितलं, "वाजत होता तोवर मी थांबले. बंद पडला तेव्हा मनात आलं, ती पोरगी एवढा उशीर कधी करत नाही." त्या चपलासुद्धा न घालता गल्ली ओलांडून आल्या. खिडकीतून डोकावल्या, धूर दिसला आणि कुलपात किल्ली फिरली. आधी त्यांनी गॅस बंद केला. पेटलेलं फडकं मोरीत फेकून त्यावर पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या आणि आजोबांना दोन्ही खांदे धरून उठवलं.

आजोबा खोकत जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं? शेवटचा थांबा आला का?"

"नाही, अजून बराच लांब आहे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी आजोबांना उघड्या खिडकीपाशी नेऊन बसवलं.

मग त्या माझ्याकडे आल्या. मी अजून बारीक आवाजात टीं टीं करत होतो. त्यांनी बावीस-अठरा दाबलं. मी हिरवा दिवा लावला. इतक्या आनंदाने मी तो कधीच लावला नव्हता.

संध्याकाळी बाबांनी कपाटातून मोबाईल काढला तेव्हा त्यावर दोन निरोप होते. 'स्वयंपाकघरात धूर.' आणि खाली, 'क्रमांक चारने गजर बंद केला.' त्यांनी घाबरून आईला फोन केला, "अगं, हा चार म्हणजे कोण?"

आईला तेव्हाच सगळं आठवलं.

तिघंही धापा टाकत घरी आली, तेव्हा मावशी करपलेलं पातेलं घासत होत्या. आजोबा शेजारी स्टुलावर बसले होते. मावशींनी सहज विचारलं, "काय गं, केंद्रातली ताई बदलली का? आज फोनच आला नाही."

बाबा म्हणाले, "मावशी, केंद्र आपण बंद केलं. आठ महिने झाले. आता निरोप आमच्या मोबाईलवर येतो. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"आठ महिने?" मावशींचा हात थांबला. "अगंबाई. म्हणजे मी उगाचच..." त्या जरा हसल्या. "अहो, तुम्ही सगळे बाहेर पडलात की मी घरातून हलायची नाही. फोन आला आणि मी नसले तर, म्हणून. माप द्यायला कुणी बोलावलं तरी म्हणायचे, उद्या येते."

त्यांनी हात पुसले, कात्रीच्या कानाची गाठ सोडली आणि लाल दोऱ्यासकट किल्ली ओट्यावर ठेवली. "मग ही राहू द्या तुमच्याकडेच." त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. राग असता तर बाबांना बरं वाटलं असतं.

बॉबिनने किल्ली उचलली. बराच वेळ ती कात्रीशी झटापट करत होती, कारण डोळ्यांत पाणी असल्यावर गाठ नीट बसत नाही. "मावशी," ती म्हणाली, "यादीत आधी तुमचं नाव. आमची नंतर."

पुढच्या आठवड्यात वायरमनदादा तिसऱ्यांदा आला. या वेळी निरोप केंद्राकडेही जाणार होता आणि मोबाईलवरही. यादी बॉबिनने स्वतःच्या हाताने लिहिली आणि मावशींना समोर बसवून वाचून दाखवली. खुणेचा शब्द काय ठेवायचा, असं विचारल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, "गुलाबी हत्ती."

पण माझं वय झालं होतं. माझ्या जागी काचेच्या तोंडाचा गुळगुळीत नवा गजर आला. वायरमनदादा मला भंगाराच्या पोत्यात टाकणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तो मला द्या. माझा आकडा त्याने जपून ठेवला होता." तेव्हापासून मी त्यांच्या मशीनवरच्या खिळ्याला आहे. माझ्या अंगावर त्या टेप अडकवतात.

मित्रांनो, लक्ष तुम्ही स्वतः ठेवा किंवा दुसऱ्याला ठेवायला सांगा. ते ठरवायला मी कोण? पण तुमच्यासाठी कुणीतरी फोनपाशी बसलेलं असेल. काही बदललंत, तर आधी त्या माणसाला सांगा. आणि तुमच्या घराची जास्तीची किल्ली कुणाकडे आहे हे माहीत नसेल, तर आज घरी विचारा. मग त्यांच्याकडे एकदा जाऊन या.

काल दुपारी काळा टेलिफोन वाजला. केंद्रातली नवी ताई होती. आवाज कोवळा, पण विचारायची पद्धत तीच. घाबरू नका, नुसती चाचणी आहे, म्हणाली. समोरच्या घराची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे ना?

मावशींनी कात्री उचलून किल्ली दोन बोटांत धरली, जणू त्या पोरीला फोनमधून दिसणार होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच आहे."