शेवटचा धैवत

शनिवार पेठेतल्या त्या हॉलमध्ये खुर्च्या ऐंशी, पंखे सहा, त्यांतले चालू चार, आणि स्वतःच्या सुराविषयी तिळमात्र शंका नसलेली माणसं दोन. तिसरा पुष्कर. परवाच्या कार्यक्रमात वाजणारी रचना त्यानंच लिहिलेली. तिघांत सध्या सगळ्यात कमी माहिती असलेला माणूसही तोच.

बावीस मिनिटांच्या रचनेचा शेवट एका लांब सुरावर होता. आनंदीताईंचा आवाज आणि स्वरालीचं व्हायोलिन, दोघींनी एकच धैवत धरायचा आणि हळूहळू विझवायचा. आज दोघी पहिल्यांदाच एकत्र बसल्या. शेवट आला तेव्हा ताईंनी लावला कोमल धैवत, स्वरालीनं शुद्ध. दोन सूर एकमेकांवर असे घासले, की रखवालदारानं दारातून डोकावून पाहिलं.

"स्वराली, जरा वर गेलीस गं," ताई गोडपणे म्हणाल्या. इतकं गोड बोललं जातं तेव्हा पुण्यात समोरच्यानं सावध व्हायचं असतं.

"ताई, माझ्या कागदावर शुद्धच आहे."

"असेल. कागदाला कुठे कान असतात?"

ताई नोटेशन वाचत नसत. सगळं शिक्षण गुरूंसमोर बसून, ऐकून झालेलं. म्हणून पुष्करनं कॉम्प्युटरकडून रचना वाजवून घेऊन रेकॉर्डिंग त्यांना पाठवलं होतं. ताईंनी त्या रेकॉर्डिंगलाच गुरू मानून महिनाभर पहाटे रियाज केला. स्वराली खराडीच्या ऑफिसातून आल्यावर छापील कागदावरून बसवत होती. रेकॉर्डिंग मार्चमधलं, कागद एप्रिलमधला. मधे पुष्करनं तो सूर बदलला होता. किंवा भलतंच बटण दाबलं गेलं होतं. त्याला आठवेना.

"पुष्करराव, आपणच लिहिलंत ना हे?"

"हो."

"मग सांगा की."

"मी बदलते," स्वराली म्हणाली. "मला काय, पेन्सिलची एक खूण. पण खरा कुठला, दादा?"

तिथंच तर घोडं अडलं होतं. पाच वर्षं उंबरे झिजवल्यावर कोणीतरी त्याची रचना लोकांसमोर मांडायला तयार झालं होतं, आणि तिचा शेवट काय, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं दोघींना वेगवेगळं ऐकलं. कोमल लागला की आधीची बावीस मिनिटं उदास होती असं वाटे. शुद्ध लागला की ती घराकडेच निघाली होती असं वाटे. क्रम उलटा करून पाहिला. जो नंतर ऐकला तो खरा वाटला. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, ते त्यालाही दिसेल अशा बेतानं.

"दोघी मिळून लावा," तो म्हणाला. "आधी लावलात तसंच."

पुन्हा तीच घासाघीस. या वेळी त्यानं हात वर करून थांबवलं नाही. आवाज बारीक होत गेला तसं ते टोचणं जाऊन नुसता थरथराट उरला, आणि मग तोही गेला.

"ही चूक आहे की रचना?" ताईंनी विचारलं.

"रचना." विचार करायच्या आत तोंडून गेलं.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"बरं. निदान तारीख तरी कळली."

स्वरालीला हसू आवरेना. ताई मात्र हसल्या नाहीत. तंबोरा सावरून त्यांनी विचारलं, "आणि परवा लोकांना हे मुद्दाम केलंय असं वाटावं कसं?"

पुष्करनं जरा विचार केला.

"शेवटी दोघींपैकी कोणी माझ्याकडे बघू नका."